तळाशी राहणारे मासे आणि जालन्याचे पाणी

शोभिवंत माशांच्या दुकानात काचेची पेटी, पंप, रंगीत खडे आणि दहा-बारा मासे असा सगळा सौदा पुरा होत आला, की विक्रेता शेवटी एक वाक्य हमखास उच्चारतो : "शेठ, तळ साफ ठेवायला हे दोन मिशीवाले पण घेऊन जा." भाव फारसा नसतो, पिशवीत जागा असते, आणि अल्प किमतीत झाडूवाला मिळाल्याचा आनंद गिऱ्हाइकाला होतो. पुढील दोन-तीन आठवड्यांत ते दोन मासे बहुधा मरतात. घरातील लहान मूल रडते, आजीला आपल्या घरी विनाकारण जीव गेला याची रुखरुख लागते, आणि दुकानातून सल्ला मिळतो, "पाणी बदलून बघा." मग पुन्हा दोन मासे आणले जातात. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या गावांतील अनेक दिवाणखान्यांत आणि पेढ्यांवर आता अशी पेटी दिसते. तेव्हा या लहानशा व्यवहारातील खोट कोठे आहे, हे एकदा नीट पाहिलेले बरे.

पहिली खोट त्या वाक्यातच आहे. हा मासा झाडूवाला नाही. तो इतर माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचे शेवाळही त्याच्या उपयोगाचे नसते. वर पोहणाऱ्यांच्या तोंडून निसटलेले अन्नकण तो टिपतो एवढे खरे. परंतु तो स्वतःही खातो, स्वतःही घाण करतो, आणि पेटीतील सर्व घाण जेथे साचते तेथेच त्याचे तोंड, मिशा आणि पोट दिवसभर टेकलेले असते. म्हणजे तळ अस्वच्छ राहिला तर त्याचा भुर्दंड सर्वांत आधी याच माशाला भरावा लागतो. ज्याला स्वच्छता करण्यासाठी आणले, त्याच्यासाठीच आधी स्वच्छता करून ठेवावी लागते.

दुकानात 'कोरी' या लाडक्या नावाने विकले जाणारे हे मासे कोरीडोरास या गटातील. मूळ घर दक्षिण अमेरिकेतील नद्या व ओढे. दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. २०२४ साली संशोधकांनी या मोठ्या गटाची नव्याने विभागणी करून अनेक जातींची शास्त्रीय नावे बदलली, त्यामुळे पुस्तकातील नाव आणि दुकानातील नाव आता जुळेलच असे नाही. ठिपक्यांची जी जात आपल्याकडे 'पेपर कोरी' म्हणून मिळते, तिचे नमुने चार्ल्स डार्विन यांनी 'बीगल' जहाजाच्या प्रवासात गोळा केले होते आणि १८४२ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. या माशाच्या अंगावर साधे खवले नसतात. दोन्ही बाजूंस कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या हाडांच्या पट्ट्या असतात. पाठीवरच्या आणि छातीच्या परांना पुढे टणक काटा असतो. डोळे खाली फिरवून तो चक्क डोळा मिचकावल्यासारखे करतो, आणि बहुधा त्यावरच मुले भाळतात.

त्याची दुसरी लकब मात्र नव्या पालकांना घाबरवते. तळाशी वाळू हुंगत फिरणारा मासा एकाएकी बाणासारखा सरळ वर जातो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने परत खाली येतो. हा आजार नव्हे. कल्ल्यांच्या जोडीला आतड्याच्या मागील भागातूनही तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. तासाभरात असे काही वेळा घडले तर ती त्याची नित्याची चाल समजावी. दर मिनिटाला घडू लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे असे समजावे. यास्तव पेटी काठोकाठ भरू नये. पाणी आणि झाकण यांत चार बोटे मोकळी जागा ठेवावी.

हा मासा समूहात राहणारा आहे. एकच जात, आणि कमीत कमी सहा. दोन आणले तर ते कोपऱ्यात दडून बसतात, खात नाहीत, आणि ज्या खेळकरपणासाठी त्यांना आणले तो कधी दिसतच नाही. काही पेढ्यांवर 'नऊ मासे, त्यांत एक काळा' असा शुभ हिशेब पाळला जातो. त्या हिशेबाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. एवढेच, की तो हिशेब माशांनी केलेला नाही. सहा कोरी आणि वरच्या थरात आठ-दहा लहान मासे यांना किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी लागते. तीत सुमारे साठ लिटर पाणी मावते. जागा असेल तर तीन फुटी पेटी अधिक चांगली, कारण तळाशी राहणाऱ्याला उंची नव्हे, लांबी-रुंदी उपयोगी पडते.

आता पाण्याचा प्रश्न. खरा विषय तोच आहे, आणि जालन्यात तो इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे.

जिल्ह्याची भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची. या खडकातून आणि त्यावरच्या मातीतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर उतरतात. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आणि स्टीलच्या बादलीवर पडणारे डाग ही त्याची घरोघरची साक्ष. शहरात एकाच घरात वर्षभरात तीन प्रकारचे पाणी येते : घाणेवाडी जलाशयाचे किंवा पैठणहून येणारे जायकवाडीचे नळाचे पाणी, अंगणातील बोअरचे पाणी, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या पाणीटंचाईची चर्चा राज्यभर झाली, आणि टँकरवर अवलंबून राहणे म्हणजे काय हे त्या वर्षी शहराने पुरते अनुभवले. या तिन्ही पाण्यांचे क्षार, सामू आणि क्लोरीन वेगवेगळे असतात. मत्स्यपालन केंद्रांत वाढलेली कोरी मध्यम जड पाण्याशी जुळवून घेते. सोमवारी बोअरचे आणि गुरुवारी टँकरचे अशा हेलकाव्यांशी मात्र तिला जुळवून घेता येत नाही.

पाणी कपड्याने गाळून वापरण्याची सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि पेटीतही गाळलेलेच पाणी घातले जाते. ते योग्यच आहे. परंतु पाण्यात विरघळलेला क्षार किंवा क्लोरीन गाळण्यात अडकत नाही. नळाच्या पाण्यातील साधा क्लोरीन पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवल्याने बराचसा उडून जातो. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर किती पडली याचा काहीच भरवसा नसल्यामुळे तेथे क्लोरीन मारणाऱ्या द्रावणाचे थेंब घालावेत. बाजारात त्याचे खडे 'हायपो' या नावाने मिळतात. माशांसाठी पन्नास लिटरचे एक पिंप वेगळे राखावे, त्यात नेहमी एकाच स्रोताचे पाणी साठवावे, आणि तो स्रोत बदलावाच लागला तर नवे पाणी थोडे थोडे करून मिसळावे. आठवड्याला पेटीतले पाव हिस्सा, म्हणजे बारा ते पंधरा लिटर पाणी बदलायचे असते. टंचाईच्या गावात ही उधळपट्टी वाटेल. पण काढलेले पाणी कुंड्यांतील झाडांना उत्तम खत ठरते, ते वाया जात नाही.

क्षारांपेक्षाही घातक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या श्वसनातून आणि उरलेल्या अन्नातून पेटीत रोज अमोनिया जमा होतो. पेटी जुनी झाली की स्पंजावर आणि वाळूवर विशिष्ट जिवाणू वस्तीला येतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत ती नसते, म्हणून अमोनियाची बाकी रोज वाढतच जाते. येथे जालन्याच्या पाण्याचा गुण आडवा येतो. पाण्याचा सामू ७ असेल तर त्या अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला, की पंचवीस अंश तापमानाला तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे घाण तेवढीच, पण विष जवळजवळ दहापट. तापमान तीस अंशांवर गेले की ते आणखी दीडपटीच्या आसपास वाढते. जड पाण्याचा सामू बहुधा आठकडे झुकलेला असतो. मृदू पाण्याच्या गावात नव्या पेटीतील मासे जसेतसे तगतात आणि येथे पंधरवड्यात मरतात, त्याचे मोठे कारण हे आहे.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी पेटी, वाळू, पाणी आणि चालू स्पंज-फिल्टर, मासे नाहीत. दोन दिवसांनी एकदा चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर अवधी निम्म्यावर येतो. तपासणी-संच महाग वाटला, तरी मेलेल्या माशांच्या किमतीपुढे तो स्वस्त आहे. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य असे आठवडाभर टिकले, की वर पोहणारे थोडे कणखर मासे आणावेत, आणि तळाचे मासे त्यानंतर महिन्याभराने, सर्वांत शेवटी. मुलांना सहा-सात आठवडे रिकामी पेटी दाखवणे कठीण जाते हे खरे. तेवढ्या काळात पाणवनस्पती लावून त्यांना कामाला लावता येते.

आणखी एक सावधगिरी आपल्या घरांच्या टापटिपीमुळे घ्यावी लागते. दिवाळीच्या साफसफाईत पेटीही संपूर्ण रिकामी करून, वाळू धुऊन, स्पंज नळाखाली पिळून लखलखीत केली जाते. त्या एका दुपारी जिवाणूंची बरीचशी वस्ती नष्ट होते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज धुवावा, पण पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळून. 'निळे औषध' म्हणून मिळणारे मिथिलीन ब्लू मुख्य पेटीत ओतल्यानेही या जिवाणूंना इजा होते. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून उपचार करावेत.

वाळूच्या बाबतीत बांधकाम-साहित्याच्या व्यवसायातील वाचकांना फार सांगावे लागणार नाही. कोरी वाळूत तोंड खुपसून ती तोंडात घेते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. त्यामुळे खडीच्या यंत्रातून निघालेली धारदार क्रश सँड तिला चालत नाही. रंगीत काचखडेही नकोत. नदीची गोलसर, बारीक वाळू हवी, दोन इंचांहून कमी जाडीच्या थरात, दहा-बारा पाण्यांनी धुतलेली. नदीच्या वाळूत कधी कधी चुनखडीचे कण असतात, ते पाणी आणखी जड करतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर ती वाळू ठेवू नये. मिशा झिजलेल्या दिसल्या तर बहुतेकदा वाळूपेक्षा तिच्यावर साचलेली घाण दोषी असते.

उन्हाळ्याचा विचार जात निवडतानाच करावा. एप्रिल-मे महिन्यांत जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरील पेटीचे पाणी बत्तीस अंशांपर्यंत सहज तापते. बहुतेक कोरींना बावीस ते सव्वीस अंश मानवतात. डार्विनवाली पेपर कोरी आणि पांढरी-काळी पांडा कोरी या थंडाव्याच्या जाती. येथील मे महिना त्यांच्यावर लादू नये. ब्राँझ कोरी त्या मानाने सोशिक, आणि स्टर्बाय ही किमतीने चढी जात उष्णता त्याहून बरी सोसते. जालन्यासाठी या दोहोंपैकीच एक निवडावी. पेटी उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवावी, झाकण थोडे उघडून पाण्यावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मात्र उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याची भर पुन्हा बोअरच्या पाण्याने केली तर दर आठवड्याला क्षारांची थकबाकी वाढते, म्हणून ही भर आरओच्या पाण्याने घालावी. बर्फाचे तुकडे टाकून तापमान एकदम पाडणे हे उन्हाळ्यापेक्षा वाईट. आणि वीज. हवेचा लहान पंप जेमतेम तीन ते पाच वॅट खातो. घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. दिवे-पंखे जोडताना त्याची आठवण मात्र कोणाला राहत नाही.

आता मासे घरी आणण्याचा दिवस. कोलकाता परिसर किंवा चेन्नईचे कोळत्तूर अशा दूरच्या संवर्धन केंद्रांतून बंद पिशव्यांत प्रवास करून आलेले मासे थकलेले असतात. दुकानात माल उतरला त्याच दिवशी घेऊ नयेत. आठवडाभर तेथेच राहू द्यावेत, म्हणजे जे जगण्याजोगे नाहीत ते आधीच कळतात. मिशा शाबूत आहेत का, पोट खपाटीला गेले आहे का, पर चिकटलेले आहेत का, एवढे पाहावे. पकडताना जाळी वापरली तर परांचे काटे तिच्यात अडकतात. पेल्याने किंवा लहान डब्याने उचलायला सांगावे. भेदरलेली कोरी छातीच्या परांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून विषारी स्राव सोडते, आणि बंद पिशवीत तो तिच्या सोबत्यांना आणि तिलाही मारू शकतो. सहा मासे एका पिशवीत कोंबण्याऐवजी दोन-तीन पिशव्या घ्याव्यात. वाटेत पाणी गढूळ किंवा फेसाळ दिसले तर घरी पोहोचताच क्षणाचाही विलंब न लावता त्यांना स्वच्छ पाण्यात घ्यावे.

दुकान ते घर अर्ध्या तासाचे असेल तर पिशवी पेटीच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगू द्यावी, मग दर पाच-दहा मिनिटांनी पेलाभर पेटीचे पाणी पिशवीत घालत तासाभरात मासे हलक्या हाताने सोडावेत. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. परंतु मासे पुण्या-मुंबईहून आठ-दहा तासांच्या प्रवासाने आले असतील, तर हा सावकाश मार्ग उलट धोक्याचा. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कर्बवायूमुळे सामू उतरलेला असल्याने त्याचा विषारी भाग दबून राहतो. पिशवी उघडली, कर्बवायू निघून गेला, वर जालन्याचे आठकडे झुकलेले पाणी पडले, की तोच अमोनिया तत्काळ विषारी होतो. अशा वेळी पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवावे आणि उघडल्यावर मासे लगेच पेटीत घ्यावेत. पहिला दिवस दिवा बंद. काही मासे काचेला लागून वर-खाली वर-खाली करत राहतील. दोन-चार दिवसांत ते थांबते. न थांबल्यास पाणी तपासावे.

खाद्याचा विषय आपल्या वाचकांसाठी नाजूक आहे, आणि म्हणूनच तो खरेदीच्या आधी बोलला गेला पाहिजे. कोरी शाकाहारी नाही. निसर्गात ती वाळूतील कीटकांच्या अळ्या आणि किडे वेचते. दुकानात तिच्यासाठी ट्यूबिफेक्स किंवा रक्तवर्णी अळ्या सुचवल्या जातात. त्या घरात आणण्याची गरज नाही. तळाशी बुडणाऱ्या तयार गोळ्यांवर ती उत्तम जगते. तथापि त्या गोळ्यांतही बहुतांशी माशांची भुकटी असते. वेष्टनावर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. केवळ स्पिरुलिना, काकडी आणि वाटाणा यांवर कोरीला वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे तिला हळूहळू उपाशी ठेवणे होय. ज्या घराला माशांची भुकटी उंबऱ्याच्या आत नको आहे, त्या घराने हा मासा आणू नये, हा सरळ मार्ग. आणल्यावर त्याच्यावर आपला आहार लादणे हा मार्ग नव्हे.

कोरी संध्याकाळनंतर अधिक हिंडते, म्हणून तिला रात्री दिवा मालवताना खाद्य द्यावे असे पुस्तकांत लिहिलेले असते. ज्या घरी सूर्यास्तानंतर चूल विझते तेथे आजीला हे रुचणार नाही. सूर्यास्तापूर्वी पेटीचा दिवा बंद करून गोळ्या टाकल्या तरी त्यांचे भागते. वरच्या माशांना आधी एका टोकाला तरंगते खाद्य द्यावे आणि ते गुंतले असताना दुसऱ्या टोकाला गोळ्या सोडाव्यात, नाहीतर तळापर्यंत काही पोहोचतच नाही. अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकावे. कुटुंब आठवडाभर यात्रेला निघाले, तर शेजाऱ्याच्या हाती डबा देण्यापेक्षा दर दोन दिवसांची एक अशा पुड्या बांधून द्याव्यात. धडधाकट कोरी जुन्या पेटीत आठवडाभर उपाशी राहू शकते. शेजाऱ्याच्या प्रेमाने ओतलेला मूठभर खाऊ मात्र तिला दोन दिवसांत मारतो.

सोबती निवडताना टेट्रा, रासबोरा, गप्पी यांसारखे लहान, शांत मासे घ्यावेत. गोल्डफिश नको. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न तर नकोतच : कोरी गिळण्याच्या प्रयत्नात तिचे काटे त्यांच्या घशात अडकतात आणि दोघेही मरतात.

कोरीच्या जोडीने किंवा तिच्याऐवजी 'टँक क्लीनर' म्हणून आणखी एक काळपट, काचेला चिकटणारा मासा दिला जातो, तो सकर. बोटभर लांबीचा हा जीव दीड-दोन वर्षांत फूटभर होतो आणि पुढेही वाढत राहतो. दोन फुटी पेटीत त्याला वळता येईनासे होते. अशा वेळी कुटुंबाच्या मनात स्वाभाविकपणे येते, की त्याला कोंडून ठेवण्यापेक्षा तलावात सोडून द्यावे. जीव सुटला तर पुण्यच. मोती तलाव जवळ आहे, घाणेवाडी फार दूर नाही. हेतू निर्मळ असतो. परिणाम मात्र सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात पाहावयास मिळाला आहे. परदेशी सकर मासे तेथे पसरले, मच्छीमारांच्या जाळ्यांत देशी माशांऐवजी तेच येऊ लागले, त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटू लागली, आणि या माशांना बाजारात गिऱ्हाईक नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या माशाला येथे शत्रू थोडे. कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो हवेवर तगतो. नर विणीसाठी काठाच्या मातीत खोल बिळे पोखरतात. निजामाच्या काळापासून जालन्याची तहान भागवणारा घाणेवाडीचा तलाव मातीच्या बांधाचा आहे. त्यातला गाळ काढण्यासाठी शहरातील नागरिक आणि उद्योजक यांनी पुढाकार घेऊन पदरचा पैसा घातला. त्याच तलावात एका सुटकेच्या भावनेने परदेशी मासे सोडणे, म्हणजे तेथील देशी जलचरांचे अन्न आणि जागा काढून घेणे. एका जिवाची सुटका आणि त्याच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या असंख्य जिवांची कोंडी, असा हा उलटा व्यवहार आहे.

हेच कोरीलाही लागू. नको झालेला मासा दुकानात परत करावा, पैसे मागू नयेत. किंवा मोठी पेटी असणाऱ्या स्नेह्याकडे द्यावा. सकर तर विकतच घेऊ नये. गिऱ्हाईक मागत नाही म्हटल्यावर दुकानदार तो मागवणेही कमी करेल, हे व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पेटी कोरींना मानवली आहे, हे ओळखण्यास साधारण सहा महिने लागतात. सहाही मासे एका रांगेत वाळू हुंगत फिरतात, दुपारी एकमेकांना खेटून पानाखाली विसावतात, माणूस जवळ आला तरी पळत नाहीत. जूनमध्ये पहिला पाऊस होऊन हवा निवली, आणि त्या आठवड्यात पेटीत थोडे गार पाणी बदलले गेले, तर ब्राँझ कोरीची जोडी काचेवर मोहरीएवढी, पांढरट, चिकट अंडी घालू लागते. सकाळी ती दिसली तर संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. इतर मासे, आणि स्वतः आईबापही, ती खाऊन टाकतात. ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी ओल्या बोटाने ती अलगद सोडवून पेटीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात, हवेच्या बारीक धारेजवळ ठेवावीत. बुरशी धरलेले अंडे रोज काढावे. तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर येतात. पहिले दोन दिवस ती पोटाशी असलेल्या बलकावर राहतात, तोवर भांड्यात काहीही टाकू नये.